फाशीच्या देशात सुट्टी: भीती नेमकी कशाची धरायची

२०२४ मध्ये सिंगापूरला १ कोटी ६५ लाख परदेशी पाहुणे आले, दुबईला १ कोटी ८७ लाख, आणि जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त. अमली पदार्थांच्या बाबतीत ही तिन्ही ठिकाणं जगातल्या सर्वांत कडक ठिकाणांत मोडतात. सिंगापूरला तर एकेकाळी विमानात भरायच्या कार्डावरच लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं की ड्रग्जची तस्करी करणाऱ्याला इथे मृत्युदंड आहे. ते वाचून, सही करून, पासपोर्टात खोचून लोक फिरायला जायचे आणि आठवड्याने सुखरूप परत यायचे.

तरीही तिकीट काढायची वेळ आली की कुणीतरी विचारतंच, “अशा देशात जायचं तरी कशाला?” या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. मी तिथे सुरक्षित असेन का, हा एक. आणि माणसं फासावर देणाऱ्या सरकारच्या देशात मी पैसे खर्च करावेत का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, म्हणून आधी पहिला घेतो.

बातम्यांत फाशी दिसते, आणि आपण भितो तेही फाशीलाच. पण ती कशासाठी होते? सिंगापूरचा अमली पदार्थ कायदा १९७३ चा. त्यात तस्करीसाठी मृत्युदंडाची सीमा वजनाने ठरवली आहे: शुद्ध हेरॉइन १५ ग्रॅमपेक्षा जास्त, कोकेन ३० ग्रॅमपेक्षा जास्त, मेथॅम्फेटामिन २५० ग्रॅमपेक्षा जास्त, गांजा ५०० ग्रॅमपेक्षा जास्त. ही सीमा ओलांडली की न्यायाधीशाला जवळजवळ पर्याय उरत नाही. कायद्यात बदल होऊन २०१३ पासून एक अरुंद वाट निघाली आहे. आरोपी फक्त माल वाहून नेणारा होता हे सिद्ध झालं आणि त्याने तपासाला ठोस मदत केल्याचं प्रमाणपत्र सरकारी वकिलांनी दिलं, तर फाशीऐवजी जन्मठेप आणि किमान १५ फटके देता येतात. मात्र हे प्रमाणपत्र द्यायचं की नाही, हे न्यायाधीशाच्या हातात नाही.

अर्धा किलो गांजा चुकून कुणाच्या खिशात राहत नाही. म्हणजे हॉटेल, बाग, मॉल आणि परत विमानतळ असा कार्यक्रम असलेला माणूस या आकड्यांच्या आसपासही जात नाही. फासावर जाणारे बहुतेक वेगळेच असतात: स्थानिक गरीब, शेजारच्या देशातून चार पैशांसाठी पुडकी आणणारे, कर्जात अडकलेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरने फाशी दिलेला नागेंद्रन धर्मलिंगम हा मलेशियन तरुण ४२.७२ ग्रॅम हेरॉइन मांडीला बांधून सीमा ओलांडत होता. त्याचा बुद्ध्यांक ६९ होता, आणि त्यावरून जगभर आरडाओरड झाली. पर्यटकाच्या आयुष्याशी या प्रकरणाचं फारसं नातं नाही.

म्हणून फाशीची भीती बाजूला ठेवायला हरकत नाही. पण ती बाजूला ठेवून निर्धास्त झालं की दुसरीच चूक होते. सामान्य प्रवाशाला अडकवणाऱ्या गोष्टी फाशीच्या कितीतरी आधी येतात, आणि त्यांची बातमी फारशी होत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे कायद्यातली गृहीतकं. हे जरा नीट समजून घ्यायला हवं. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आरोपीने काही सिद्ध करायचं नसतं, असं आपण धरून चालतो. अमली पदार्थांच्या कायद्यात अनेक देशांनी हे ओझं बऱ्याच अंशी उलटवलं आहे. सिंगापुरात तुमच्याजवळ २ ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉइन, ३ ग्रॅमपेक्षा जास्त कोकेन किंवा १५ ग्रॅमपेक्षा जास्त गांजा सापडला, तर तुम्ही तो विकण्यासाठीच बाळगला होता असं कायदा मानतो. स्वतःसाठी होता, हे तुम्ही दाखवायचं. त्याच्या पुढची पायरी आणखी अवघड आहे. ज्या बॅगेत, पेटीत किंवा खोलीत माल सापडला तिची किल्ली तुमच्याकडे असेल, तर माल तुमच्या ताब्यात होता असं मानलं जातं. आणि ताब्यात होता, म्हणजे तो काय आहे हेही तुम्हाला ठाऊक होतं, असं पुढचं गृहीतक आहे. दोन्ही खोटी ठरवता येतात, पण ती खोटी ठरवायला पुरावा तुम्ही आणायचा. “मला माहीत नव्हतं” हे वाक्य एरवी बचाव असतं. इथे तो एक दावा होतो, आणि दाव्याला आधार लागतो.

परक्या देशात, परक्या भाषेत, कोठडीत बसून असा आधार गोळा करायचा म्हणजे काय, हे एका भारतीय जोडप्याच्या प्रकरणात दिसलं. जुलै २०१९ मध्ये हे दोघं कतारला सहलीला गेले. सहलीचा खर्च एका नातेवाईक बाईने केला होता, आणि जाताना तिथल्या कुणालातरी द्यायला म्हणून एक पाकीटही सोबत दिलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोंवर चरस सापडलं. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती, आणि तिचं मूल तुरुंगातच जन्माला आलं. मायदेशी घरच्यांनी तक्रारी केल्या, भारताच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास करून पाकीट देणाऱ्या टोळीपर्यंत माग काढला, आणि ते सगळं कतारच्या न्यायालयापुढे गेलं. तेव्हा कुठे २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटली. त्यांच्या बाजूने लढायला घरचे होते आणि एक सरकारी यंत्रणाही होती, म्हणून ही गोष्ट इथवर आली.

मेरी जेन वेलोसोला एवढं नशीब मिळालं नाही. कामाच्या शोधात निघालेल्या या फिलिपिनो बाईला ओळखीतल्या माणसांनी एक सूटकेस दिली. २०१० मध्ये इंडोनेशियात योग्यकार्ताच्या विमानतळावर त्या सूटकेसच्या अस्तरात २.६ किलो हेरॉइन निघालं आणि तिला मृत्युदंड झाला. २०१५ मध्ये अगदी शेवटच्या क्षणी गोळीबार टळला, कारण तिला पाठवणारी बाई फिलिपिन्समध्ये पोलिसांपुढे हजर झाली होती. मायदेशी परतायला डिसेंबर २०२४ उजाडला.

यावर कुणी म्हणेल, “मी कुणाचं पाकीट घेणारच नाही.” उत्तम. ही एक सवय पाळली तरी मोठा धोका टळतो, आणि ती पाळताना नात्याचा, ओळखीचा, भिडेचा विचार करू नये. पण बॅग तुमच्या हातातून सुटल्यावर काय होतं, हा प्रश्न उरतोच. मार्च २०२३ मध्ये दोन ब्राझिलियन महिलांना फ्रँकफर्टला अटक झाली, कारण त्यांच्या नावाचा टॅग लावलेल्या बॅगांत ४० किलो कोकेन होतं. त्या बॅगा त्यांच्या नव्हत्याच. साओ पाउलोच्या विमानतळावर कामगारांच्या टोळीने टॅग अदलाबदल केले होते. कॅमेऱ्याचं चित्रण मिळालं, तरी महिनाभराहून जास्त काळ त्या जर्मनीत तुरुंगात होत्या. जर्मनीत फाशी नाही. हेच एखाद्या फाशी असलेल्या देशात झालं असतं तर, हा विचार झोप उडवणारा आहे. म्हणून बॅग चेक-इन करण्याआधी तिचा फोटो काढा, टॅगचा फोटो काढा, पावतीवरचं वजन जपून ठेवा. जमत असेल तर नुसत्या हातसामानावर प्रवास करा. यात अति काळजी वगैरे काही नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे किती थोडं पुरेसं असतं. २००८ मध्ये एका ब्रिटिश माणसाला दुबईत चार वर्षांची शिक्षा झाली, कारण त्याच्या बुटाच्या तळाला ०.००३ ग्रॅम गांजा चिकटलेला सापडला. डोळ्याला दिसणारही नाही इतका. तेव्हा अमिरातीत किमान शिक्षाच चार वर्षांची होती. आता तिथला कायदा सौम्य झाला आहे. २०२१ चा नवा कायदा २०२२ च्या सुरुवातीला लागू झाला आणि पहिल्यांदा सेवन करणाऱ्यासाठी शिक्षा कमी झाली. गांजाचा अंश असलेला खाऊ किंवा पेय घेऊन कुणी पहिल्यांदा विमानतळावर सापडलं, तर माल जप्त करून सोडून देण्याची तरतूदही आली. पण एक नियम तसाच आहे: रक्तात किंवा लघवीत अंश सापडला तरी गुन्हा धरला जातो.

या नियमाने खेळच बदलतो. गांजा नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश महिनाभरही राहू शकतो. म्हणजे जिथे तो कायदेशीर आहे तिथे, पूर्ण कायद्यात राहून ओढलेला गांजा तुम्ही अंगात घेऊन विमानातून उतरता. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, बँकॉकच्या गल्ल्यागल्ल्यांत दुकानं थाटली गेली, आणि २०२५ मध्ये सरकारने तो पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीपुरता आणला. मधल्या काळात बँकॉक आणि पुढे दुबई किंवा सिंगापूर असा बेत आखणाऱ्यांची कमी नव्हती. असा बेत असेल तर क्रम उलटा करा, किंवा बँकॉकमध्ये त्या दुकानांकडे फिरकू नका. सिंगापूर आपल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना परदेशात केलेल्या सेवनासाठीही शिक्षा करतं. घरच्यांनाच ही वागणूक असेल, तर पाहुण्यांनी “तिकडे चालतं” हे कारण सांगू नये.

“माझ्याकडे डॉक्टरचा कागद आहे” हेही चालत नाही. अमेरिकेची बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोला उतरली, तेव्हा तिच्या सामानात वेपच्या नळकांड्यांत ०.७०२ ग्रॅम गांजाचं तेल सापडलं. अमेरिकेत डॉक्टरने ते लिहून दिलेलं होतं. रशियन न्यायालयाने नऊ वर्षं सुनावली. डिसेंबरमध्ये ती सुटली, तीही कैद्यांच्या अदलाबदलीत, एका कुप्रसिद्ध शस्त्रविक्रेत्याच्या बदल्यात. सामान्य माणसासाठी कुणी शस्त्रविक्रेता सोडत नाही. हाँगकाँगमध्ये तर १ फेब्रुवारी २०२३ पासून सीबीडी तेलही, म्हणजे गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक असलेलं तेल, अमली पदार्थ आहे. अनेक देशांत ते झोपेसाठी, सांधेदुखीसाठी उघड्यावर विकलं जातं. हाँगकाँगला ते नुसतं बाळगण्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आयातीसाठी जन्मठेपेपर्यंत. आणि वेपिंग करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं: सिंगापूरला आणि थायलंडला साधं ई-सिगारेट नेणंही बेकायदेशीर आहे, आत काहीही भरलेलं असो.

तिसरी गोष्ट औषधांची. माझ्या मते सर्वांत जास्त लोकांना लागू पडणारा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा धोका हाच आहे. गांजा न ओढणारे कोट्यवधी आहेत, पण गोळ्यांची पिशवी न घेता निघणारे किती? खोकल्याच्या औषधातलं कोडीन, पाठदुखीसाठीचं ट्रामाडॉल, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांतली डायझेपाम, अल्प्राझोलाम ही औषधं एका देशात साध्या चिठ्ठीवर मिळतात आणि दुसऱ्या देशात नियंत्रित पदार्थ असतात. २०१७ मध्ये एक ब्रिटिश बाई इजिप्तमधल्या आपल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी ट्रामाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन गेली. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. इजिप्तमध्ये ट्रामाडॉलचं व्यसन मोठ्या प्रमाणावर आहे, त्यामुळे कायदा त्याच्याकडे औषध म्हणून बघतच नाही. बाईला हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं न्यायालयाने ग्राह्य धरलं नाही.

जपान याबाबतीत फारच वेगळा आहे. तिथे रस्त्यावर भीती वाटत नाही, हरवलेलं पाकीट परत मिळतं, आणि त्याच देशात सर्दीच्या साध्या गोळ्या अडचणीत आणू शकतात: स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेलं औषध आत नेता येत नाही. एकाग्रतेच्या विकारासाठी अमेरिकेत सर्रास लिहून दिली जाणारी अॅम्फेटामिनची औषधं, अॅडरॉलसारखी, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. जून २०१५ मध्ये टोयोटा कंपनीच्या एका अतिवरिष्ठ अमेरिकन अधिकारी बाईला टोकियोत अटक झाली. टपालाने आलेल्या पुडक्यात ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या ५७ गोळ्या होत्या. आरोपपत्र दाखल न होता वीस दिवसांनी ती सुटली, पण नोकरी गेली. जपानमध्ये आरोप ठेवण्याआधीच २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं आणि चौकशीला वकील शेजारी बसत नाही, हे फार कमी पर्यटकांना माहीत असतं. बीटल्सचा गायक पॉल मॅककार्टनी १९८० मध्ये बॅगेत २०० ग्रॅमहून जास्त गांजा घेऊन टोकियोच्या नारिता विमानतळावर उतरला, नऊ दिवस कोठडीत राहिला आणि परत पाठवला गेला. तो पॉल मॅककार्टनी होता म्हणून नऊ दिवस.

यावर उपाय आहे, आणि तो सोपा आहे. औषधाचं ब्रँडचं नाव विसरा, पाकिटावरचं मूळ घटकाचं नाव बघा, आणि ते नाव त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या किंवा दूतावासाच्या संकेतस्थळावर शोधा. आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळही प्रवाशांसाठी देशवार नियम देतं. नियंत्रित असेल तर परवानगीसाठी अर्ज करा: अमिरातीत तो ऑनलाइन होतो, सिंगापुरात आरोग्यविज्ञान प्राधिकरणाकडे, जपानमध्ये आयात प्रमाणपत्र मागवावं लागतं. निघायच्या आदल्या रात्री यातलं काहीच होत नाही, काही आठवडे हाताशी ठेवा. गोळ्या मूळ पाकिटातच न्या. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत भरलेली औषधं घरी सोयीची असतात, कस्टम्सच्या टेबलावर मात्र त्या बेनामी गोळ्या ठरतात. सोबत डॉक्टरचं इंग्रजीतलं पत्र ठेवा, आणि सहलीला लागतील तेवढ्याच गोळ्या घ्या. शेजाऱ्याची, मित्राची, सासूबाईंची औषधं आपल्या बॅगेत नकोत. परवानगी मिळत नसेल आणि औषधाशिवाय राहता येत नसेल, तर दुसरा देश निवडा.

आणि “मी तिथे जातच नाहीये, नुसतं विमान बदलतोय” हा भ्रमही काढून टाका. व्हॅन तुओंग न्गुयेन हा ऑस्ट्रेलियन तरुण डिसेंबर २००२ मध्ये कंबोडियाहून घरी निघाला होता. सिंगापूरला फक्त विमान बदलायचं होतं. चांगी विमानतळावर त्याच्याजवळ जवळपास ४०० ग्रॅम हेरॉइन सापडलं. तो शहरात पाऊलही टाकणार नव्हता, तरी कायदा सिंगापूरचा लागला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने केलेल्या विनवण्या फेटाळल्या गेल्या आणि २ डिसेंबर २००५ रोजी त्याला फाशी झाली. विमानतळाचा ट्रान्झिट भाग ही कुणाचीच नसलेली जमीन नव्हे. म्हणून कनेक्टिंग विमान दोहा, दुबई, सिंगापूर किंवा क्वालालंपूरहून असेल, तर वर सांगितलेलं सगळं त्या तीन तासांनाही लागू आहे.

मग जावं का? तुम्ही काही घेत नसाल, सोबतच्यांवर तुमचा विश्वास असेल आणि औषधं तपासून घेतली असतील, तर जा. ज्याला एखाद्या झुरक्याशिवाय राहवत नाही, त्याने जाऊ नये. त्यातही सोबतच्यांचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. एकाच खोलीत राहणाऱ्या चार मित्रांपैकी एकाने काही आणलं, तर खोलीची किल्ली चौघांकडे असते, आणि किल्लीचं काय होतं ते वर आलंच आहे. निघण्याआधी मित्राला स्पष्ट विचारायला लाज वाटत असेल, तर त्याच्यासोबत सिंगापूर नको, दुसरीकडे जा.

आता दुसरा प्रश्न. एप्रिल २०२३ मध्ये सिंगापूरने तंगराजू सुपय्या याला १,०१७.९ ग्रॅम गांजाच्या तस्करीच्या कटासाठी फाशी दिली. माल त्याच्या ताब्यात कधी सापडलाच नव्हता. इतरांच्या फोनवरून त्याचा संबंध जोडला गेला होता. त्याच दिवशी अडीच तासांच्या विमानप्रवासावर, बँकॉकमध्ये, तोच पदार्थ काचेच्या बरण्यांतून विकला जात होता. सिंगापूर सरकारचं म्हणणं असं की या शिक्षेमुळे तस्कर दूर राहतात आणि असंख्य घरं वाचतात. संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क समिती म्हणते की मृत्युदंड फक्त “अतिगंभीर” गुन्ह्यांसाठी असू शकतो, आणि अमली पदार्थांचे गुन्हे त्यात बसत नाहीत. मला समितीचं पटतं. तरीही पर्यटकाने बहिष्कार घातल्याने एखादी फाशी टळते, असं मला वाटत नाही. मलेशियात १९८३ पासून तस्करीला सक्तीचा मृत्युदंड होता. २०१७ मध्ये त्यात सूट आली आणि २०२३ मध्ये ती सक्ती पूर्ण गेली. ते घडवलं तिथल्या वकिलांनी, कार्यकर्त्यांनी आणि खासदारांनी. शिवाय केवळ हाच निकष लावला तर यादी लांबत जाते, कारण तीसहून जास्त देशांच्या कायद्यांत ड्रग्जसाठी मृत्युदंड आहे. कुणाला मनातून जावंसं वाटत नसेल तर त्याने जाऊ नये, त्यासाठी आणखी कारण लागत नाही. पण न जाणाऱ्याने जाणाऱ्याला बोल लावू नयेत असं मला वाटतं.

एवढं करूनही कुणी अडकलंच, तर पहिल्या तासात तीन गोष्टी कराव्यात. माझ्या दूतावासाला कळवा असं स्पष्ट सांगा: १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार तो तुमचा हक्क आहे. दुभाषा मागा. आणि न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका, कारण पहिल्या जबाबाला न्यायालयात पुढे फार वजन येतं. दूतावास वकिलांची यादी देतो, भेटायला येतो, घरी कळवतो. तो जामीन भरत नाही, वकिलाचे पैसे देत नाही आणि सोडवून तर मुळीच आणत नाही. अमली पदार्थांशी संबंध आला की प्रवासविमाही साधारणपणे हात वर करतो. ज्यांच्याकडे दोन देशांचे पासपोर्ट आहेत आणि त्यातला एक त्याच देशाचा आहे, त्यांनी हेही ध्यानात ठेवावं की तो देश त्यांना आपलाच नागरिक मानतो, आणि दुसऱ्या देशाच्या दूतावासाला भेटू देईलच असं नाही.